करवीरच्या गादीवरचे वेड

२५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळात, नगरच्या भुईकोट किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वारले. वय वीस वर्षे आठ महिने. मृत्यूपूर्वी त्यांची झटापट झाली ती ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी, आणि हा ग्रीन सरकारनेच त्यांच्या देखरेखीला नेमलेला होता. करवीरच्या गादीचा धनी परमुलखातल्या किल्ल्यात एका साध्या सोल्जराशी झगडताना जीव गमावून बसला, एवढे कोणालाच नाकारता आलेले नाही. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे वादाचे आहे.

सरकारी हकिकत सरळ आहे. महाराजांचे डोके फिरलेले होते, झटका आला की ते अंगावर धावून जात. त्या दिवशीही तसेच झाले, ग्रीनने आवरायचा प्रयत्न केला, पोटाला मार बसून महाराजांची प्लीहा फुटली आणि ते गेले. लोकांची हकिकतही तितकीच सरळ आहे. महाराज चांगले शहाणे होते. साहेबाने आणि कारभारी माधवराव बर्वे यांनी छळून त्यांना वेडे ठरवले, नगरला नेऊन कोंडले आणि शेवटी लाथ घालून मारले. टिळक-आगरकरांनी हे चव्हाट्यावर आणले म्हणून त्यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले.

आमच्या कबनूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात आता यंत्रमागांचा खडखडाट आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यालाही पंचाहत्तर वर्षे उलटून गेली. तरी दुसऱ्या गोष्टीचे बाळकडू इकडच्या घरांतून अजून मिळते. पारावर कोणी विषय काढला तर ‘राजाला येडा ठरवून मारला’ या चार शब्दांत निकाल लागतो. तो निकाल मला निम्मा मान्य आहे. कोणता निम्मा, ते सांगण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

करवीरच्या गादीवर असा शिक्का प्रथम बसला तो १८८२ मध्ये नव्हे. ही गादी ज्यांनी उभी केली त्या महाराणी ताराबाईंच्या मुलापासूनच ही परंपरा सुरू होते. १७१४ मध्ये ताराबाईंची सवत राजसबाई आणि तिच्या बाजूचे मुत्सद्दी यांनी पन्हाळ्यावर उठाव केला, ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना अटकेत टाकले आणि राजसबाईचा मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. पुढच्या इतिहासकारांनी या पदच्युत शिवाजीला मंदबुद्धी ठरवून मोकळे केले. ग्रँट डफने तर तो १७१२ मध्येच देवीच्या आजाराने मेला असे लिहून टाकले. प्रत्यक्षात तो त्यानंतरही कित्येक वर्षे पन्हाळ्यावर कैदेत जिवंत होता. जिवंत माणूस इतिहासात मारला जातो, तिथे त्याच्या बुद्धीचे मोजमाप किती काळजीने झाले असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

त्यानंतरची पाळी या संभाजीच्या राणी जिजाबाईंची. डिसेंबर १७६० मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले आणि नानासाहेब पेशव्यांची नजर कोल्हापूरवर गेली. सातारा आणि करवीर या दोन गाद्या एक करण्याची ही चालून आलेली संधी होती. जिजाबाईंनी जाहीर केले की आपली सवत कुसाबाई गरोदर आहे. हा डाव होता हे उघड आहे. पण तेवढ्यात पानिपत झाले, जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले, आणि १७६२ मध्ये माधवराव पेशव्यांच्या संमतीने जिजाबाईंनी दत्तक घेतला. पुढे १७७३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राज्य त्यांनीच चालवले. कोल्हापूरची गादी वेगळी राहिली ती या बाईमुळे. कोकण किनाऱ्यावर कोल्हापूरच्या आरमाराने मुंबईकर इंग्रजांना इतका उपद्रव दिला की १७६५ मध्ये त्यांनी मालवणवर स्वारी करून सिंधुदुर्ग घेतला आणि वर्षभरात तह करून, पैसे घेऊन, परत दिला.

अशा बाईची आठवण इंग्रजी कागदांत कशी उरली? पन्हाळ्यावरच्या कालीपुढे नरबळी देणारी, त्यासाठी माणसे धुंडायला लावणारी, रक्ताची चटक लागलेली राणी म्हणून. कंपनीच्या अमदानीतल्या अहवालात ही कथा शिरली, तिथून गॅझेटियरात आली आणि मग छापलेले ते खरे या न्यायाने पक्की झाली. जिजाबाई गेल्यावर ऐंशी वर्षांनी, पराभूत राज्याच्या राजधानीत बसून, तिच्या शत्रूच्या नोकराने ऐकीव गोष्ट टिपून घेतली. तिने पेशव्यांशी आणि इंग्रजांशी केलेले व्यवहार तारीखवार सापडतात, नरबळीची कथा मात्र ‘म्हणतात’च्या पुढे जात नाही. कणखर बाई राज्य करते हे पचवायला जड गेले की तिला एक तर चेटकीण ठरवतात किंवा वेडी. आपल्याकडे चेटकिणीवर भागले.

युरोपात वेडीवर भागले. कॅस्टिलची राणी हुआना १५०४ मध्ये आईच्या पश्चात गादीची हक्कदार झाली. दोन वर्षांत नवरा फिलिप मेला. ती त्याचे प्रेत घेऊन रात्रीअपरात्री देशभर हिंडली, शवपेटी उघडून बघत राहिली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. १८७७ मध्ये प्रादिया नावाच्या चित्रकाराने त्या प्रसंगाचे भले मोठे चित्र काढले, आणि तेव्हापासून स्पेनला आपली ‘वेडी हुआना’ त्या चित्रातलीच दिसते. चित्रात न दिसणारी गोष्ट अशी की, हुआना वेडी ठरल्याने आधी तिच्या नवऱ्याचा, मग तिच्या बापाचा आणि शेवटी तिच्या मुलाचा फायदा होता. तिघांनाही कॅस्टिल हवे होते आणि तिघांच्याही वाटेत हक्काची मालकीण उभी होती. बाप फर्डिनंडने १५०९ मध्ये तिला तोर्देसियासच्या वाड्यात ठेवले, मुलगा कार्लोसने तीच व्यवस्था पुढे चालवली आणि १५५५ मध्ये ती तिथेच मेली. सेहेचाळीस वर्षे. १५२० मध्ये बंडखोर नगरांचे पुढारी तिच्याकडे आले आणि आमच्या हुकमांवर सही कर म्हणाले. तिने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, पण मुलाविरुद्ध सही केली नाही. वेडीला एवढे राजकारण कळले म्हणायचे! तिला विषाद जडलेला नव्हता असे मी म्हणत नाही. चार भिंतींत अर्धशतक काढल्यावर कोणाला जडणार नाही? तिचा आजार आणि तिची कैद यांत आधी काय आले, एवढाच प्रश्न आहे.

हाच प्रश्न घेऊन कोल्हापूरला परत यावे लागते.

कोल्हापूरविषयी इंग्रजांच्या मनात जुनी धास्ती होती. १८४४ मध्ये इथल्या गडकऱ्यांनी पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, सामानगड पेटवले. सत्तावन्नच्या जुलैअखेर कोल्हापुरातली सत्ताविसावी पलटण उठली, डिसेंबरात शहरातच उठाव झाला. तेव्हाच्या महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब त्यामागे आहेत असे धरून त्यांना कराचीला नेऊन ठेवले. ते १८६९ मध्ये तिथेच वारले, कोल्हापूर त्यांना पुन्हा दिसले नाही. १८६२ च्या तहाने महाराजांना कारभार परत मिळाला खरा, पण महत्त्वाच्या बाबींत साहेबाचा सल्ला मानण्याची आणि इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा अशा मोठ्या जहागीरदारांवर साहेबाची नजर राहण्याची अट घालूनच.

१८६६ मध्ये गादीवर आलेले राजाराम महाराज हे साहेबाच्या मनासारखे राजे होते. इंग्रजी शिकलेले, रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिणारे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. आर्नो नदीच्या काठी हिंदू रीतीने त्यांना अग्नी दिला, तिथे आजही छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. त्यांनाही मूल नव्हते. मग १८७१ मध्ये भोसले घराण्यातला नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच हे चौथे शिवाजी. तेरा वर्षांच्या अंतराने कोल्हापूरचे दोन राजे विसाव्या वर्षी आणि घरापासून दूर गेले. लोकांच्या मनात कटाच्या गोष्टी उगवायला ही जमीन पुरेशी होती.

मुलगा घरातून उचलून वाड्यात आणला, नाव बदलले, आई बदलली. शिक्षक इंग्रज, राज्य पोलिटिकल एजंटाच्या हातात. दत्तक राजांच्या बाबतीत हे सगळीकडेच व्हायचे, आणि पुष्कळांनी ते सोसलेही. बडोद्याचे सयाजीराव हे त्याचे उत्तम उदाहरण. या मुलाला ते सोसले नाही. अठराव्या वर्षी त्याच्या हाती अधिकार यायचे. नेमक्या त्याच सुमारास त्याच्या वागण्यात बिघाड झाल्याचे सरकारी लेखनात येऊ लागते. या जुळणीवर लोकांचा पहिल्यापासून डोळा आहे आणि तो रास्त आहे. पण त्याच वयात माणसाचे मन खरोखर ढासळू शकते, हेही आज कुठलाही मनोविकारतज्ज्ञ सांगेल. जुळणी ही शंकेला कारण होते. ती पुरावा होत नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत कोल्हापुरात वेडाची आणखी एक कथा जन्माला आली. नव्या राजवाड्याचे, टाऊन हॉलचे आराखडे करणारा स्थापत्यकार मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये चाळिशीच्या आसपास वारला. आपले हिशेब चुकले आहेत आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार, या भीतीने त्याला वेड लागले असे सांगतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास त्याचाच, तो पुढे चिझमने पुरा केला. इमारती काही कोसळल्या नाहीत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यासमोर पर्यटकांच्या गाड्या लागतात, आणि वाटाडे अजून ही गोष्ट रंगवून सांगतात.

आता बर्व्यांकडे. रावबहादूर माधवराव वासुदेव बर्वे हे कोल्हापूरचे कारभारी. महाराजांवर वाड्यात सक्ती होते, त्यांना मारहाण होते, त्यांना वेडे करून सोडण्याचा घाट आहे आणि त्यात बर्व्यांचा हात आहे, अशी कुजबूज १८८१ च्या अखेरीस पुण्यापर्यंत पोचली. केसरी आणि मराठा ही पत्रे त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरू झालेली. केसरीचे संपादक आगरकर, मराठ्याचे टिळक, दोघेही पंचविशीतले. त्यांनी हा विषय उचलून धरला आणि भाषा काही राखून वापरली नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढे ती सगळेच विसरले. पुण्याच्या पत्रांचा रोख महाराजांना काही झालेलेच नाही असा नव्हता. अशी वागणूक दिली तर शहाण्यालाही वेड लागेल, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे ‘राजा ठणठणीत होता’ ही आजची लोककथा टिळक-आगरकरांनी सांगितलेलीच नाही. त्यांनी छळाचा आरोप केला. छळाने माणूस आजारी पडतो, हे त्यात गृहीतच आहे.

मग आली पत्रे. कोल्हापूरचे नाना भिडे यांच्यामार्फत बर्व्यांच्या नावची काही पत्रे उजेडात आली. महाराजांना विषप्रयोग करण्याचा बेत त्यांत दिसत होता. पुण्याच्या दोघा तरुण संपादकांनी ती खरी मानली. त्यांना दोष देणाऱ्याने आधी १८७५ आठवावे. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट फेअर यांना विष घातल्याचा आरोप आला. चौकशी मंडळातल्या तीन इंग्रजांनी त्यांना दोषी ठरवले, ग्वाल्हेर-जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे या तिघांनी आरोप शाबीत झाला नाही असे मत दिले, आणि सरकारने तरीही त्यांना पदच्युत केले. त्याला सात वर्षेही झाली नव्हती. राजवाडा, साहेब आणि विष हे तीन शब्द एका वाक्यात आले की मराठी माणूस त्या काळी पुढचे न वाचताच विश्वास ठेवत होता.

बर्व्यांनी सरकारची परवानगी काढून अब्रुनुकसानीची फिर्याद केली. जानेवारी १८८२ मध्येच लॉर्ड रिपनने देशी पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा रद्द केला होता, त्यामुळे हा खटला सरकारविरुद्ध पत्रे असा नव्हता. एका माणसाने दुसऱ्यावर गुदरलेली ती फौजदारी होती. कोर्टात पत्रे बनावट ठरली. हे कटू आहे, पण ते झाकून कोल्हापूर प्रकरण सांगता येत नाही. टिळक-आगरकरांनी आपली फसगत झाल्याचे ओळखून माफी मागितली. बर्व्यांनी ती मानली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. नाना भिडेही शिक्षेतून सुटले नाहीत.

या खटल्याने जे लोक एका बाजूला आणले ते पाहण्यासारखे आहे. टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन उभा केला तो रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुले यांच्या शब्दावरून. पुण्यातल्या ब्राह्मण संपादकांसाठी सत्यशोधकांनी पैसा उभा करावा, असा तो दिवस होता. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी खटल्याच्या निधीसाठी नाटक केले. त्यात स्त्रीभूमिका करणारा एक मुलगा म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. खटल्याच्या धामधुमीत, १७ मार्चला, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. निबंधमालाकाराच्या अंत्ययात्रेची दुःखे आणि कोर्टाच्या तारखा एकाच वेळी निस्तरत हे दोघे तरुण त्या उन्हाळ्यातून गेले.

डोंगरीत दोघे एका खोलीत. रात्री-रात्री वाद चालत, आवाज इतका चढे की पहारेकरी दटावत. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्राला पुरलेला वाद त्या कोठडीत तापला. आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ लिहिले ते यावरच. आणि तुरुंगातच त्यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर काम केले, ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये बाहेर आले. एका राजपुत्राचे वेड खरे की वरवरचे, त्याच्याभोवतीचे लोक त्याला वेडा का म्हणताहेत, याच कोड्यावर ते नाटक उभे आहे. एका राजाच्या वेडापायी कैदेत पडलेल्या माणसाला भाषांतराला हेच नाटक सापडावे, याला योगायोग म्हणायला माझी तयारी नाही. २६ ऑक्टोबरला दोघे सुटले तेव्हा बाहेर लोकांनी गर्दी केली होती.

पत्रे खोटी ठरली म्हणून साहेबाची बाजू खरी ठरली, असा एक सोयीस्कर निष्कर्ष मग काढण्यात आला. तो तितकाच पोकळ आहे. कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता की ही पत्रे बर्व्यांची आहेत का. महाराजांना वाड्यात कसे वागवले गेले हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच. आणि महाराज वेडे आहेत की नाही, हा प्रश्न तर कुठल्याच उघड्या कोर्टापुढे कधी आला नाही. पुण्याच्या एखाद्या सावकाराला वेडा ठरवून त्याची इस्टेट ताब्यात घ्यायची म्हटले तर १८५८ च्या ३५ व्या कायद्याप्रमाणे जिल्हा कोर्टात अर्ज करावा लागे, खुद्द त्या माणसाला नोटीस जाई, पुरावा घेतला जाई. करवीरच्या छत्रपतीला तेवढीही सोय नव्हती. तो कायदा ब्रिटिश मुलखातल्या रयतेसाठी होता, संस्थानिकाचा निकाल पोलिटिकल खात्याच्या फायलीत लागायचा. १८८२ मध्ये महाराज कारभाराला असमर्थ ठरले आणि कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमून मंडळ बसवले गेले.

यात कोल्हापूर एकटे नव्हते. चारच वर्षांनी, जून १८८६ मध्ये, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला चार डॉक्टरांनी वेडा ठरवले, तेही त्याला न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवर. त्याचा गुन्हा म्हणजे तो किल्ले बांधत सुटला होता आणि मंत्र्यांचे ऐकत नव्हता. १३ जूनला तो आणि त्याला वेडा ठरवणारा मुख्य डॉक्टर, दोघांचीही प्रेते एकाच तळ्यात मिळाली. तिथेही लोक आजवर भांडताहेत. खूनच, असे बव्हेरियाच्या खेड्यांत शपथेवर सांगणारे सापडतात.

नगरला जे घडले त्याकडे येऊ. ग्रीन हा वैद्य नव्हता, मनोरुग्णांची शुश्रूषा शिकलेला परिचारकही नव्हता. तो शिपाई होता. राजा आजारी आहे असे ज्या सरकारने ठरवले, त्याच सरकारने त्या आजाऱ्याजवळ बराकीतला माणूस ठेवला. महाराज त्याच्या अंगावर धावून गेले असतील. कोंडलेला वीस वर्षांचा मुलगा, रोज तोच पहारा, तो का धावून जाणार नाही? पण धावून आलेल्या रोग्याला आवरण्याची रीत पोटात लाथ घालण्याची नसते. प्लीहा फुटली हे खरे मानले तरी ती आपोआप फुटत नाही.

‘प्लीहा फुटली’ हे शब्द त्या काळच्या हिंदुस्थानात फार ओळखीचे होते. मलेरियाने प्लीहा वाढलेली असे, साहेबाने नोकराला मारले, नोकर मेला, की डॉक्टर साक्ष देई की प्लीहाच नाजूक होती. आग्र्याचा फुलर नावाचा इंग्रज वकील १८७५ मध्ये आपल्या कटवारू या मोतद्दाराला मारत होता, मोतद्दार मेला. फुलरला दंड झाला तीस रुपये. खुद्द व्हाइसरॉय लिटनला त्याची लाज वाटली आणि १८७६ मध्ये त्याने त्यावर कडक शेरा लिहिला, तर अँग्लो-इंडियन पत्रांनी लिटनवरच तोंडसुख घेतले. त्यानंतर सात वर्षांनी तेच कारण एका राजाच्या मृत्यूला लागले. आग्र्याचा मोतद्दार आणि कोल्हापूरचा छत्रपती यांच्यात साहेबाने मरणाच्या बाबतीत तरी भेद केला नाही. सरकारी चौकशीत ग्रीनवर ठपका आला नाही.

ग्रीनला कोणी वरून मारण्याचा हुकूम दिला होता, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण इंग्रजांचा चांगुलपणा हे नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. महाराज जिवंत आणि वेडे असणे त्यांना मेलेल्या महाराजांपेक्षा जास्त सोयीचे होते. रीजंट बसलेला, कारभार हातात, दत्तकाचा प्रश्न लांबणीवर. राजा मेला की नवा दत्तक, नवा वाद, नवी बोंब, आणि झालेही तसेच. तेव्हा हा ठरवून केलेला खून होता असे मी म्हणणार नाही. तो बेदरकारपणाचा बळी होता. आजारी माणसाला कैदी समजून वागवणाऱ्या व्यवस्थेने तो घेतला आणि अपघात म्हणून कागदावर उतरवला. माझ्या लेखी हा गुन्हा खुनाहून फार हलका नाही.

मागे राहिल्या राणी आनंदीबाई. लिहिणाऱ्यांनी ग्रीनची लाथ लक्षात ठेवली, बर्व्यांची पत्रे लक्षात ठेवली, टिळकांचा तुरुंग तर ठेवलाच. नवरा जिवंत असताना वेडा ठरला आणि मेल्यावर राजकारण झाला, त्या मुलीचे नाव दत्तकविधानाच्या तारखेपुरते येते. १७ मार्च १८८४ रोजी त्यांनी रीजंट आबासाहेब घाटगे यांचा मुलगा यशवंतराव याला दत्तक घेतले. वय नऊ. तेच राजर्षी शाहू. राज्य सांभाळणाऱ्याचाच मुलगा राजा झाला म्हणून त्या वेळी कुरकुर झाली असेल तर नवल नाही. पण आबासाहेबही १८८६ मध्ये वारले, आणि त्या दत्तकातून कोल्हापूरला जो राजा मिळाला तसा त्या गादीला आधी मिळाला नव्हता.

पुढचा इतिहास विचित्र वळणाचा आहे. कोल्हापूरच्या महाराजांसाठी तुरुंगात गेलेले टिळक, राजघराण्याला वेदोक्त विधींचा हक्क आहे का या वेदोक्त प्रकरणात, कोल्हापूरच्याच महाराजांच्या विरोधात उभे राहिले. ताईमहाराजांच्या दत्तकाच्या वादात कोल्हापूर दरबार टिळकांच्या विरुद्ध बाजूला गेला. दोन्ही पक्षांचे अभिमानी आजही १८८२ चा दाखला आपापल्या सोयीने काढतात. एक म्हणतो, टिळकांनी छत्रपतींसाठी तुरुंग सोसला. दुसरा म्हणतो, खोट्या पत्रांवरून एका माणसाची बदनामी केली. दोन्ही खरे आहे. दोन्ही एकदम सांगायची तयारी मात्र क्वचित दिसते.

पारावरचा निकाल मला निम्मा मान्य आहे असे वर म्हटले, त्याचा हिशेब असा. राजाला ‘वेडा ठरवला’ हे खरे, आणि ठरवण्याची ती रीत अन्यायाची होती. पण म्हणून तो आजारी नव्हताच असे सिद्ध होत नाही, आणि तो आजारी होता असे म्हणण्यात त्याचा किंवा करवीरच्या गादीचा कमीपणाही नाही. मनाच्या आजाराला आपण अजून अब्रूचा प्रश्न समजतो. म्हणून राजाचा सन्मान राखायचा तर आधी त्याला ठणठणीत ठरवावे लागते असे आपल्याला वाटते. आजारी मुलाला उपचार मिळाले असते, जवळ आपली माणसे असती आणि पहाऱ्याला ग्रीन नसता, तर तो वाचला असता. आरोप करायचा तर हा करावा, त्याला बनावट पत्रांचा टेकू लागत नाही.

नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले. या किल्ल्याचा विषय निघाला की १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असलेले नेहरू आणि त्यांचे सोबती आठवतात, आणि ते बरोबरच आहे. त्याच गावी चौथ्या शिवाजी महाराजांची समाधी आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, कबनूरकडून शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक नगरवरूनच जातात. जाणाऱ्याने अर्धा तास काढून तिथे थांबावे आणि बरोबर पोरे असतील तर त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, ग्रीनचीही आणि बनावट पत्रांचीही. राजाराम महाराज १८७० मध्ये बोटीत बसले त्या दिवसापासून शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेईपर्यंत जवळजवळ चोवीस वर्षे कोल्हापूरच्या एकाही छत्रपतीने आपल्या राज्याचा कारभार स्वतः केला नव्हता.